मदत हवी आहे: संस्थेच्या उद्दिष्टांत 'मतदार जागृती' लिहावी का?

मंडळी, गोवंडीत आम्ही चौदा जण संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. गटारं तुंबली की वॉर्ड ऑफिसात निवेदन देतो, अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींचा नमुना ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) भरून घेतो. पक्ष कुठलाच नाही, पण पाणी, घर, शिक्षण यांवर भूमिका ठाम घेतो. १९४१ पासूनचं राष्ट्र सेवा दल डोळ्यांसमोर आहे: सेवा आणि विचार सोबतच.

आता बँक खात्यासाठी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करायची आहे. सात सदस्य, घटनेचा मसुदा, जागामालकाचं ना-हरकत पत्र, सगळं तयार. पण एका सल्लागारांनी 'मतदार जागृती' आणि 'नागरी हक्क' या दोन्ही ओळींवर लाल पेनाने काट मारली. म्हणाले, वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज अडकेल. त्या ओळी गेल्या तर उरतं नुसतं वह्यावाटप, आणि आमची मुलं तेवढ्यासाठी जमत नाहीत हो. कलम ८ ची (कंपनी कायद्याखालची ना-नफा) कंपनी खर्चामुळे नको, दुसऱ्या संस्थेच्या नावाखालीही जायचं नाही.

मुंबईत अलीकडे नोंदणी केलेल्यांनी कृपया सांगा: हे काम उद्दिष्टांत नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिलंत, आणि ते जसंच्या तसं मंजूर झालं का?