अमेरिका आडवी, भाड्याच्या गाडीने : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, येत्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत भाड्याच्या गाडीने जायचं ठरवतोय. आम्ही दोघं, मुलगी, आणि भारतातून येणारे सासू-सासरे. आय-८० (इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांतून जाणारा महामार्ग) वरून नाकासमोर गेलं तर साधारण २९०० मैल होतात, पण आम्हाला शिकागोनंतर आय-९० धरून साउथ डकोटा, मग वायोमिंग, यलोस्टोन नॅशनल पार्क आणि तिथून खाली सॉल्ट लेक सिटी असं जायचंय. नकाशावर रेघ मारून झाली, आता त्या रेघेवर जे दिसत नाही ते ऐकायचंय. करारावर सही करताना काय बघितलंत, म्हाताऱ्या माणसांना रोज किती तास गाडीत बसवलंत, जेवणाचं काय केलंत, कुठे थांबायला जास्त वेळ हवा होता असं वाटलं. अर्धाच देश पार केला असेल तरी लिहा, तपशील महत्त्वाचा.

मिनेसोटाहून

आम्ही सिॲटल ते बॉस्टन केलं, आय-९० अख्खा, ३००० मैलांच्या वर आहे, देशातला सगळ्यात लांब इंटरस्टेट हाच. गाडीबद्दल लिहिते कारण अर्धं प्लॅनिंग तिथेच आहे. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडली की ड्रॉप चार्ज लागतो आणि तो कुठून घेता कुठे सोडता यावर खूप बदलतो. एअरपोर्टवरची आणि शहरातली शाखा दोन्हीचे भाव काढा, आणि कर धरून शेवटचा आकडा बघा, रोजचा भाव बघू नका. मायलेज अनलिमिटेड आहे आणि सगळ्या राज्यांत न्यायला परवानगी आहे हे करारात वाचा.

इन्शुरन्सचं नीट समजून घ्या. क्रेडिट कार्डाचं कव्हर असतं ते भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं, समोरच्याच्या गाडीचं किंवा त्याच्या दवाखान्याचं त्यात नसतं, त्याला लायबिलिटी वेगळी लागते. घरी स्वतःची गाडी असेल तर बहुतेक वेळा तुमची पॉलिसी चालते, फोन करून विचारा. शिवाय काही कार्डांचं कव्हर सलग १५ दिवसांच्या भाड्यालाच असतं आणि तुमची ट्रिप त्याच्या पुढे सहज जाईल.

गाडी ताब्यात घेताना सावकाश चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, काच, रिम, छत सगळं. मग डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनी आहे का बघा. आम्हाला आधी दिलेल्या गाडीत स्टेपनीच्या जागी हवा भरायचा छोटा पंप आणि सीलंटची बाटली होती. टायर बाजूने फाटला तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही, आणि वायोमिंगमध्ये पुढचं गाव पन्नास-साठ मैलांवर असू शकतं. आम्ही काउंटरवर परत जाऊन स्टेपनीवाली गाडी मागितली, दिली त्यांनी. पाच माणसं आणि सामान म्हणजे मिनीव्हॅनच घ्या, एसयूव्हीत तिसरी सीट उघडली की बॅगांना जागा उरत नाही.

ओहायोहून

टोलचं राहिलं. पेनसिल्व्हेनियात आय-८० ला टोल नाही, डेलावेअर नदीवरचा पूल तेवढा सोडून. पण ओहायो टर्नपाइक (तिथला टोलचा महामार्ग), इंडियाना आणि शिकागोच्या आसपास लागतो. स्वतःचा ई-झीपास (आपल्या फास्टॅगसारखा टोलचा टॅग) असेल तर तो या सगळीकडे चालतो, भाड्याच्या गाडीचा नंबर अकाउंटवर चढवा आणि गाडी परत केली की त्याच दिवशी काढा. गाडीत कंपनीचा ट्रान्सपाँडर (टोलचा टॅग) असेल तर त्याची डबी बंद ठेवा, नाहीतर दोन्हीकडून पैसे जातात.

कॅन्सस सिटीहून

आई-बाबांना घेऊन गेलो होतो, बाबांचे गुडघे आणि आईची डायबेटिसची औषधं, त्यामुळे सगळं वेळापत्रक त्यांच्या भोवती लावलं. रोज पाच-सहा तासांच्या वर गाडी नाही, दर दोन तासांनी उतरायचं म्हणजे उतरायचं, कोणाला गरज नसली तरी. राज्याच्या सीमेवर वेलकम सेंटर असतात, स्वच्छ बाथरूम, बाकं, फुकट कागदी नकाशे. बाबांनी प्रत्येक राज्याचा नकाशा गोळा केला आणि मग तेच आम्हाला पुढची नदी कुठली ते सांगायला लागले, वेळ फार छान गेला त्यांचा.

मोटेल बुक करताना फोन करून खालच्या मजल्यावरची खोली मागा. जुन्या दुमजली मोटेलांना लिफ्ट नसते आणि हे वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. छोट्या गावांत मोटेल खूपदा गुजराती कुटुंबाचं असतं, आईला एका ठिकाणी मालकीणबाईंनी स्वतःच्या घरातून आल्याचा चहा आणून दिला, आई अजून त्यांचं नाव काढते.

पश्चिमेकडे जाताना टाइमझोन बदलला की एक तास मिळतो, मोठा फायदा आहे हा. पण इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर वेळा आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. आणि दुपारनंतर सूर्य सरळ डोळ्यांत येतो, संध्याकाळचं ड्रायव्हिंग ठेवू नका.

एक पैशाचं. नॅशनल पार्कचा वर्षाचा पास रहिवाशांना ८० डॉलर आहे, पण २०२६ पासून बाहेरून येणाऱ्यांना २५०, आणि तो पास नसेल तर यलोस्टोनसारख्या ११ पार्कांत माणशी १०० डॉलर जादा. सासू-सासऱ्यांसाठी हा हिशेब आत्ताच करा.

डॅलसहून

जेवणाबद्दल. मोटेलच्या खोलीत फोडणी करायच्या भानगडीत पडू नका, स्मोक अलार्म वाजतो. मी फोडणी घरीच करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरते, तांदूळ आणि मूगडाळ हळद-मीठ-गोडा मसाला घालून एकेका वेळेच्या पिशव्या करते. कुकरमध्ये पिशवी रिकामी केली, पाणी घातलं, वरून चमचाभर फोडणी, वीस-पंचवीस मिनिटांत खिचडी, सोबत मेतकूट आणि लोणचं. बरीच मोटेलं खोलीत शिजवू देत नाहीत, म्हणून मधेमधे एक रात्र किचन असलेली खोली घेतो, तिथे दोन दिवसांचं होतं. आणि मोठ्या ट्रक स्टॉपवर डोळे उघडे ठेवा, पंजाबी ट्रकवाले खूप आहेत आता, त्यांच्यासाठीचे ढाबे आय-४० आणि आय-८० वर आहेत, ताज्या रोट्या मिळतात.

दक्षिणेकडून आय-१० ने जाणारं कोणी वाचत असेल तर, टेक्सासच आडवं ८८० मैल आहे, आणि वेस्ट टेक्सासमध्ये बॉर्डर पॅट्रोलचं (सीमा पोलिसांचं) चेकपोस्ट लागतं. व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (रस्ता नव्हे, देशात आल्याच्या नोंदीचा कागद) हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत तळाशी नको.

डेन्व्हरहून

पश्चिमेतलं अंतर पूर्वेच्या सवयीने मोजू नका. युटात आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना साधारण ११० मैल पेट्रोल पंपच नाही. टाकी अर्धी झाली की भरायची एवढा एकच नियम. आणि डोंगराळ राज्यांत 'रेग्युलर' म्हणून ८५ ऑक्टेनचं पेट्रोल असतं, गाडीच्या झाकणावर ८७ लिहिलं असेल तर मधलं बटण दाबा. भारतातलं कार्ड पंपावर झिप कोड मागून अडतं, आत जाऊन आधी पैसे भरा. यलोस्टोनमध्ये रेंज जवळजवळ नसते, नकाशे आधी डाउनलोड करा. तिन्हीसांजेनंतर हरणं आणि एल्क (मोठी हरणं) रस्त्यावर येतात, ८० मैलांच्या स्पीड लिमिटला ब्रेक मारून गाडी थांबत नाही. कच्च्या रस्त्यावर गाडी नेणं बहुतेक करारांत मना आहे, मॉन्युमेंट व्हॅलीतला १७ मैलांचा आतला रस्ता कच्चाच आहे, तिथे नावाहो गाइडची जीप घ्या.

माझं स्पष्ट मत सांगतो, राग मानू नका. ज्येष्ठ मंडळी असतील तर समुद्र ते समुद्र हा हट्ट सोडा. इंडियाना, विस्कॉन्सिन सुंदर आहेत, पण दिवस तिथे खर्च केले की साउथ डकोटातल्या बॅडलँड्सला दोन तास उरतात, आणि तिथे पहाटेचा उजेड आणि संध्याकाळचा उजेड दोन्ही बघायला हवेत, खडकांचे पट्टे दुपारी फिके दिसतात आणि सूर्य खाली आला की लालसर होतात. तारखाही बघा : ऑगस्टच्या सुरुवातीला साउथ डकोटातच स्टर्जिसला मोटरसायकलवाल्यांचा मेळा असतो, जवळच्या रॅपिड सिटीपर्यंत खोली मिळत नाही. यलोस्टोनच्या आतल्या खोल्या वर्षभर आधी जातात, नाही मिळाली तर पार्कच्या दारातली गावं, गार्डिनर किंवा वेस्ट यलोस्टोन.

न्यू जर्सीहून, परत मीच

सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं आणि प्लॅन बदलला. आम्ही दोघं आणि मुलगी गाडीने पुढे जाऊ, सासू-सासऱ्यांना विमानाने रॅपिड सिटीला बोलावू, म्हणजे त्यांचा प्रवास बॅडलँड्सपासूनच सुरू होईल. तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्याची धरतोय. आता एकच अडलंय : वायोमिंगमधले बिगहॉर्न डोंगर ओलांडून यलोस्टोनच्या अलीकडच्या कोडी गावाला जायला यूएस-१६ घ्यायचा की यूएस-१४? १४-ए चे उतार फार तीव्र आहेत असं वाचलंय, त्यामुळे तो बाद. भरलेली मिनीव्हॅन घेऊन यूएस-१६ वरच्या टेन स्लीपकडून कोणी उतरलं असेल तर लिहा, आणि जूनमध्ये वर बर्फ होतं का तेही.