सासूबाईंच्या पंपाचा क्लेम मेडिकेअरने नाकारला, मदत हवी आहे

रानजाई
सासूबाईंच्या हातावरची सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, हवेच्या दाबाने हात दाबणाऱ्या पंपाचा क्लेम मेडिकेअरने (अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याने) नामंजूर केला असून 'वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही' एवढेच कारण कळवले आहे. सप्लायर पूर्ण रक्कम आमच्याकडे मागतो आणि दवाखाना सप्लायरकडे बोट दाखवतो. काय करावे, ते कृपया लवकर सांगा.

एडिसनकर
सूज कशामुळे आली, मेडिकेअर साधे आहे की खासगी कंपनीमार्फतची अ‍ॅडव्हान्टेज योजना, आणि बिलावर उपकरणाचा कोड कोणता, हे कळल्याखेरीज काहीच सांगता येणार नाही.

रानजाई
स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे, हे लिहायचे राहिले. साधेच मेडिकेअर, पार्ट बी (डॉक्टर आणि घरगुती उपकरणांच्या खर्चाचा भाग). कोड ई०६५२.

दुपारची_उन्हे
मुळात पंप हवाच कशाला? माझ्या आईची सूज हाताने केलेल्या हलक्या मालिशने आणि पट्ट्या बांधून बरीच ओसरली.

एडिसनकर
आनंद आहे, पण प्रश्न बिलाचा आहे. ई०६५२ हा कप्प्याकप्प्याचा दाब वेगळा ठरवता येणारा महागडा पंप असून, साध्या ई०६५१ ने या रुग्णाचे का भागत नाही याचे कारण नोंदीत असेल तरच मेडिकेअर त्याचे पैसे देते. शिवाय दाबाची बाही, व्यायाम आणि हात उंच ठेवणे हे चार आठवडे करूनही त्रास उरला, असेही लिहिलेले लागते.

सह्याद्री६१
आता एवढे लागत नाही. २०२४ पासून लिम्फेडेमाचा, म्हणजे लसीका साचून येणाऱ्या अशा सुजेचा, नवा कायदा लागू आहे.

एडिसनकर
तो कायदा बाह्या, मोजे आणि पट्ट्यांसाठी आहे, पंपासाठी नाही.

रानजाई
बाही सहा आठवडे घातली होती. डॉक्टरांनी 'सूज कायम' इतकेच लिहिले आहे, मात्र थेरपिस्टबाईंच्या वहीत कोपराखालचा घेर दर आठवड्याला मांडलेला आहे: ३१ सेंटीमीटरचा ३०.५ झाला, दुसरा हात २५.

एडिसनकर
मग ती वहीच तुमचा पुरावा आहे. तिची प्रत आणि ई०६५१ का पुरणार नाही हे सांगणारे डॉक्टरांचे पत्र जोडून, नकार हाती पडल्यापासून १२० दिवसांच्या आत अपील करा. डॉक्टरांना तसे कारण देता येत नसेल, तर मात्र ई०६५२ साठी भांडण्यात अर्थ नाही. आणि तोवर सप्लायरला पैसे देऊ नका. मेडिकेअर कदाचित पैसे देणार नाही, अशा पूर्वसूचनेच्या कागदावर, म्हणजे एबीएनवर, पंप घेताना सही घेतली होती का?

रानजाई
पंप घरी आला त्या दिवशी सासूबाईंनी दोनतीन कागदांवर सह्या केल्या होत्या खऱ्या, पण ते कशाचे होते हे कोणीच वाचले नाही. आज फाइल काढून बघते.