डिलनचे जुन्या गाण्यांचे अल्बम: ऋण फेडलं की वाढवलं?

तारसप्तक:
अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचे 'गुड अ‍ॅज आय बीन टू यू' (१९९२) आणि 'वर्ल्ड गॉन राँग' (१९९३) त्याचे चाहतेही फारसे ऐकत नाहीत, याची मला खंत वाटते. मालिबूतल्या घरच्या गॅरेजमध्ये एकटा माणूस, गिटार आणि हार्मोनिका. स्वतःचं एकही गाणं नाही. सगळे जुने ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी) आणि बॅलड (कथागीतं). आवाज पार घोगरा झालेला, पण 'डेलिया' ऐका, त्या गाण्याला दुसरा कुठला आवाज शोभला नसता. नव्या गाण्यांचा पुढचा अल्बम थेट १९९७ मध्ये आला, 'टाइम आउट ऑफ माइंड'. त्याची मशागत इथे झाली आहे. नव्वदच्या दशकातलं त्याचं सर्वांत प्रामाणिक काम हेच.

खर्ज:
प्रामाणिक हा शब्द मला मान्य नाही. पहिल्या अल्बममधलं 'कॅनडी-आय-ओ' ऐका आणि लगेच इंग्लंडच्या लोकगायक निक जोन्सचं ऐका, 'पेंग्विन एग्ज' या १९८० च्या अल्बममधलं. डिलनने ते कुठून उचललं हे सांगावं लागत नाही. श्रेय मात्र 'पारंपरिक, मांडणी डिलन'. गाणं कुणाच्याच मालकीचं नसतं तेव्हा रॉयल्टी मांडणी करणाऱ्याकडे जाते. १९८२ च्या मोटार अपघाताने जोन्सची कारकीर्द थांबली होती. त्याला त्या नावाची आणि पैशांची किती गरज असेल!

जुनी_टेप:
लोकगीतं अशीच टिकतात हो. जोन्सनेही ते कुणाकडून तरी घेतलंच ना? प्रत्येक हाताचा हिशेब मागत बसलो तर गाणार कोण?

खर्ज:
शब्द घेतले, मान्य. गिटारवरची बांधणी त्याची स्वतःची होती. आणि डिलनची ही सवय जुनीच. १९६२ च्या पहिल्या अल्बममध्ये 'हाउस ऑफ द रायझिंग सन' त्याने न्यूयॉर्कच्या लोकगायक डेव्ह व्हॅन राँकच्या मांडणीत गायलं, तेही त्याला न विचारता.

तारसप्तक:
पण 'वर्ल्ड गॉन राँग'सोबतचं टिपण वाचलंत का? कुठलं गाणं कुणाकडून आलं ते डिलनने स्वतः लिहिलंय: मिसिसिपी शीक्स हा जुना वाद्यवृंद, ब्लूज गायक ब्लाइंड विली मॅकटेल, लोकगायक डॉक वॉटसन. ते वाचूनच मी शीक्सच्या १९३० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांपर्यंत पोचलो. माझ्यासारखे किती तरी पोचले असतील.

खर्ज:
दुसऱ्या अल्बमचं टिपण पहिल्याची भरपाई करत नाही. आपल्याकडे भारूड कुणीही गावं, 'एका जनार्दनी' ओळीतच येतं. गाणाऱ्याला ते गाळता येत नाही. जोन्सकडे अशी सोय नव्हती, म्हणून ते नाव डिलननेच छापायला हवं होतं.

पावसाळी:
दोन्ही 'कॅनडी-आय-ओ' आत्ता लागोपाठ ऐकली. जोन्सची गिटार कितीतरी सफाईदार. पण खलाशाच्या वेशात जहाजावर चढलेल्या त्या मुलीला समुद्रात फेकायला निघतात, तिथे मला भीती वाटली ती डिलनच्या आवाजात. श्रेयाबद्दल खर्जशी सहमत, गाण्याबद्दल नाही.