मदत हवी आहे : विनापरवाना कंट्रोलर आणि कलम ६५-अ

नमस्कार मंडळी. एलएलएमच्या (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी गेमिंग कन्सोलच्या विनापरवाना अ‍ॅक्सेसरीजवरचे खटले वाचतेय आणि एका मुद्द्यावर अडलेय. वकील आणि प्रोग्रामर, दोघांचीही मदत हवी आहे.

अमेरिकेत गॅलूब कंपनीचं 'गेम जिनी' हे उपकरण निन्टेन्डोच्या कन्सोल आणि कार्ट्रिजच्या (ज्यात खेळ साठवलेला असतो ती डबी) मध्ये बसायचं. कार्ट्रिजमधून निघालेला एखादा आकडा ते वाटेतच बदलायचं, की खेळाडूला जास्तीचे जीव मिळायचे. कार्ट्रिजमधलं मात्र काहीच पुसलं जायचं नाही. म्हणून ही मूळ खेळावर बेतलेली नवी कलाकृती नाही, असं अपील न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवलं. खटला चालू असताना विक्रीवर मनाई होती, त्यापोटी निन्टेन्डोला दीड कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. मला हा निकाल मनापासून पटतो. विकत घेतलेला खेळ घरी कसा खेळायचा, हे घेणाऱ्यानेच ठरवावं ना!

खेळ चालू असताना त्यातले आकडे बदलणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलच्या सोनी विरुद्ध डेटेल खटल्यात २०२४ मध्ये युरोपीय संघाचं न्यायालयही साधारण त्याच वाटेने गेलं.

आता माझी अडचण. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला आलेलं कलम ६५-अ तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. समजा, एखाद्या स्वस्त कंट्रोलरने कन्सोलची ओळखतपासणी (जोडलेला कंट्रोलर परवाना असलेला आहे का, हे बघणं) चुकवली, पण खेळाची नक्कल केलीच नाही. मग हेतू कुठला धरायचा? आणि प्रोग्रामर मंडळी, ही तपासणी कंट्रोलरच्या चिपमध्ये नेमकी कशी होते, ते कुणी सोप्या शब्दांत समजावेल का? प्रबंधाचं हे प्रकरण या महिन्यात गाइडना द्यायचं आहे.