‘प्रासंगिक’, ‘कालबाह्य’ की ‘लागू’? उद्देशिकेवरची शब्दचर्चा

फळाखडू :
संविधान दिनासाठी आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. वरून आलेला विषय : ‘संविधानाच्या उद्देशिकेची आजच्या काळातील प्रासंगिकता’. मी तो फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात निवृत्तीला टेकलेले आमचे मराठीचे सर मागून म्हणाले, "बाई, हे मराठी नाही." मग कोणता शब्द हवा, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, चहाला निघून गेले. त्याच तासाला नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "‘आम्ही, भारताचे लोक’ का? ‘आपण, भारताचे लोक’ का नाही?" पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेला हा मजकूर मी इतकी वर्षं वाचून घेते आहे, पण मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी दोन्हींवर लिहावं.

मुद्रितशोधक :
तुमच्या सरांचं म्हणणं बरोबर आहे. मराठीत ‘प्रासंगिक’ म्हणजे प्रसंगानं आलेलं, प्रसंगापुरतं. प्रासंगिक कविता, प्रासंगिक लेख. म्हणजे प्रसंग सरला की ज्याचं काम संपलं ते. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ ‘आजच्या संदर्भात महत्त्वाचं’ असा झाला आणि गेल्या काही वर्षांत तो अर्थ वर्तमानपत्रांतून आपल्याकडे उतरला. त्यामुळे जुन्या कानांना तुमच्या विषयाचा अर्थ जवळजवळ उलटा लागतो : उद्देशिका ही प्रसंगापुरती आहे.

आता खरं सांगायचं तर २६ जानेवारी आणि २६ नोव्हेंबर एवढ्या दोनच दिवशी ती वाचली जात असेल, तर मराठी अर्थानंही ती ‘प्रासंगिक’च म्हणावी लागेल. पण स्पर्धेचा विषय तो नसावा.

तिरकस :
शब्दांची एवढी चिकित्सा कशाला? सरळ विचारा, कालबाह्य झाली की नाही? माझ्या मते झाली. १९४९ सालचा मजकूर, त्यात आणीबाणीत घुसडलेले दोन शब्द, आणि खाली तारीख मात्र २६ नोव्हेंबर १९४९. एखाद्या दस्तात मागाहून शब्द घालून जुनीच तारीख ठेवली, तर त्याला काय म्हणतात ते वकीलमंडळींना माहीत आहे.

काळा डगला :
माहीत आहे, म्हणून लिहितो. हे शब्द ४२व्या घटनादुरुस्तीनं १९७६ साली आले आणि ३ जानेवारी १९७७पासून अंमलात आले. ते नेमके तीन : ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’. तिसऱ्याबद्दल कुणी तक्रार करत नाही म्हणून तो मोजलाच जात नाही. तारखेचा तुमचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढेही मांडला गेला होता. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयानं त्या याचिका फेटाळल्या. संविधान अंगीकारल्याच्या तारखेमुळे अनुच्छेद ३६८ खालचा दुरुस्तीचा अधिकार आकुंचन पावत नाही, असं त्यात म्हटलं आहे. तुम्हाला ते पटलंच पाहिजे असं नाही. पण गुपचूप घुसडणं वेगळं आणि संसदेत दुरुस्ती करणं वेगळं. ती दुरुस्ती कोणत्या वातावरणात झाली, हा प्रश्न उरतोच. तो राजकीय प्रश्न आहे आणि त्यावर भांडायला हरकत नाही.

मुळात उद्देशिका संविधानाचा भाग आहे की नाही, यावरच न्यायालयानं मत बदललं आहे. १९६०च्या बेरुबारी प्रकरणात ‘नाही’, १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात ‘आहे’. निव्वळ उद्देशिकेच्या आधारे दावा लावता येत नाही. कायद्याचा अर्थ लावताना मात्र ती हाताशी असते.

शब्दवेडी :
मला त्या मुलीचा प्रश्न फार आवडला, कारण तो मराठी मुलगीच विचारू शकते. हिंदीत ‘हम’ एवढा एकच शब्द. मराठीत दोन. ‘आपण’मध्ये ऐकणारा येतो, ‘आम्ही’मध्ये येत नाही. "आम्ही जेवलो" आणि "आपण जेवलो" यांतला फरक चार वर्षांच्या मुलालाही कळतो. मग उद्देशिकेतल्या ‘आम्ही’नं कुणाला बाहेर ठेवलं?

माझं उत्तर जुन्या दस्तांच्या भाषेतून येतं. खरेदीखतात दोन बाजू असतात : ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. लिहून देणारा ‘आम्ही’ म्हणतो, कारण समोर घेणारा बसलेला असतो. उद्देशिका वाचत जा : आम्ही, भारताचे लोक… निर्धार करून… अंगीकृत आणि अधिनियमित करून… आणि आपण वाट बघतो की हे आता कुणाला लिहून देणार. शेवटी येतं, ‘स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’. देणारे आम्ही आणि घेणारेही आम्हीच. ऐकणारा दुसरा कुणी नाहीच, म्हणून ‘आपण’ची गरज नाही.

आणि बाहेर ठेवलेला एकजण आहेही. त्याआधीचे कायदे ब्रिटिश संसदेनं आपल्याला ‘दिलेले’ होते. संविधानाच्या अनुच्छेद ३९५नं १९३५चा भारत सरकार कायदा आणि १९४७चा भारतीय स्वातंत्र्य कायदा हे दोन्ही रद्द केले. स्वातंत्र्य देणारा कायदासुद्धा रद्द! त्या ‘आम्ही’तला ताठा तिथून येतो.

तिसरं म्हणजे ‘आपण’नं वाक्य सुरू झालं की मराठीत ते सूचनेकडे झुकतं. ‘आपण असं करू या’. सूचना नाकारता येते. संकल्प सोडताना कुणी ‘आपण’ म्हणत नाही.

तिरकस :
छान. पण हे ‘आम्ही’ होते कोण? संविधान सभा प्रौढ मतदानानं निवडलेली नव्हती. १९४६ साली प्रांतिक विधिमंडळांनी सदस्य निवडले, आणि त्या विधिमंडळांचा मताधिकार मर्यादित होता. संस्थानांचे प्रतिनिधी तर वेगळेच. बहुतेक ‘लोकां’ना कुणी विचारलंच नव्हतं.

काळा डगला :
हे खरं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्याच सभेनं अनुच्छेद ३२६ लिहून प्रत्येक प्रौढाला मत दिलं, आणि १९५१-५२च्या निवडणुकीत ते वापरलंही गेलं. मर्यादित मतांवर आलेल्यांनी ती मर्यादाच काढून टाकली.

मुद्रितशोधक :
‘आम्ही’वरून आठवलं. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी सभेत उद्देशिकेवर चर्चा झाली. ह. वि. कामथ यांनी सुरुवातीला ‘ईश्वराच्या नावाने’ असे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. रोहिणीकुमार चौधरींनी म्हटलं, मग देवीचंही नाव घ्या, आम्ही कामाख्येच्या प्रदेशातले. देवाला मतदानाला लावू नका अशी विनवणीही झाली, पण कामथ हटले नाहीत. बाजूनं ४१, विरोधात ६८. विरोध करणारे सगळे नास्तिक होते असं मुळीच नाही. श्रद्धेची सक्ती नको आणि पुढच्याच ओळीत श्रद्धेचं स्वातंत्र्य देतो आहोत, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून वाक्याच्या तोंडाशी फक्त ‘आम्ही’ उरला. एरवी आपल्याकडे लग्नपत्रिकासुद्धा ‘श्री’शिवाय निघत नाही.

शब्दवेडी :
मराठी पाठातले आणखी काही शब्द बघण्यासारखे आहेत. मूळ इंग्रजी क्रियापदाला हिंदीनं ‘बनाने’ घेतलं, मराठीनं ‘घडविण्याचा’. बरं झालं, कारण मराठीत ‘बनवणे’ म्हणजे फसवणेही होतं. घडवणं हे कुंभाराचं, सोनाराचं, पाथरवटाचं काम, एका घावात न होणारं.

‘राजनैतिक न्याय’ मात्र मला खटकतो. हिंदीत ‘राजनैतिक’ म्हणजे राजकीय. मराठीत तो शब्द परराष्ट्र व्यवहाराला चिकटला : राजनैतिक संबंध, राजनैतिक अधिकारी. मुलं विचारतात, हा न्याय वकिलातीत मिळतो का?

आणि ‘प्रतिष्ठा’. ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ म्हणजे इथे माणूस म्हणून असलेला मान, ज्यासाठी हिंदीत ‘गरिमा’ आहे. पण बोलण्यातल्या मराठीत प्रतिष्ठा म्हणजे काय? गावातले प्रतिष्ठित नागरिक, प्रतिष्ठेची लढत, घराण्याची प्रतिष्ठा. मूठभरांकडे असलेली, दुसऱ्यापेक्षा जास्त असल्यावरच उपयोगाची चीज. उद्देशिका नेमकं उलट सांगते की ती प्रत्येकाची आहे. घराण्याच्या ‘प्रतिष्ठे’साठी पोटच्या मुलीचा जीव घेणारे आणि उद्देशिका, दोघांनी एकच शब्द वापरावा! आजच्या काळाबद्दल बोलायचंच असेल, तर मुलांनी या एका शब्दावर बोललं तरी पुरे. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हाही युक्तिवादाच्या मुळाशी हीच प्रतिष्ठा होती.

जुना वाचक :
‘बंधुता’ राहिली की. हा शब्द नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ला मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात नव्हता. न्याय होता, समानता होती, स्वातंत्र्य होतं. बंधुता आली ती डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीच्या हातून, १९४८च्या मसुद्यात. बंधुभावाची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती, अशा आशयाची नोंद समितीनं केली आहे. फाळणीची जखम ओली होती. पुढे बाबासाहेबांनी हेही स्पष्ट केलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली.

काहींना ‘बंधुता’ पुरुषी वाटते, भगिनी कुठे गेल्या म्हणून. संस्कृतात ‘बंधु’ म्हणजे फक्त भाऊ नव्हे. बांधला गेलेला तो बंधु, आप्त. प्रतिज्ञेतले ‘बांधव’ तेच. अर्थात कोश उघडून दाखवल्यानं वर्गातल्या मुलींचं समाधान होईल असं नाही, कारण रोजच्या मराठीत बंधू हा भाऊच.

गंमत अशी की याच कुळातून आपण ‘भाऊबंदकी’ही काढली. बांधावरून, सामाईक विहिरीवरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी. नातं असूनही वैर, यासाठी खास शब्द लागावा इतका आपला अनुभव दांडगा! म्हणून उद्देशिकेत बंधुतेला लावलेलं क्रियापद मला मोलाचं वाटतं : ‘प्रवर्धित करण्याचा’. न्याय, स्वातंत्र्य, समानता ‘प्राप्त करून देण्याचा’ निर्धार आहे. ती राज्यसंस्था देऊ शकते, निदान तिच्याकडे मागता येतात. बंधुता कोण देणार? ती वाढवावी लागते.

तिरकस :
हे मान्य. पण ‘धर्मनिरपेक्ष’ टाळून चालणार नाही. हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. एकाच देशाचं एकच वाक्य आणि दोन अर्थ?

मुद्रितशोधक :
दोन छटा म्हणू. मराठीत ‘निरपेक्ष’ म्हणजे अपेक्षा न ठेवणारा, निरपेक्ष सेवा म्हणतो तसा. त्या अर्थानं धर्मनिरपेक्ष राज्य म्हणजे नागरिकाकडून धर्माच्या नावाखाली काही अपेक्षा न ठेवणारं राज्य. ‘निधर्मी’ हा शब्द त्याला लावणं चूक, तो नास्तिकाला लावावा. ‘सर्वधर्मसमभाव’ ही मनाची वृत्ती झाली, राज्याची रचना नव्हे. १९७८ साली ‘सर्व धर्मांना समान आदर’ अशी व्याख्या संविधानातच घालायचा प्रयत्न झाला होता. लोकसभेत ती मंजूर झाली, राज्यसभेत अडली. त्यामुळे हा शब्द अजून व्याख्येविनाच आहे. मला विचाराल तर तेच बरं.

शब्दवेडी :
मूळ प्रश्नाकडे येऊ या, नाहीतर बाईंची स्पर्धा होऊन जायची. ‘कालबाह्य’ हा शब्द वर्णनाला लावता येतो. जुना नकाशा कालबाह्य होतो, रेल्वेचं जुनं वेळापत्रक होतं. उद्देशिका १९४९ सालच्या देशाचं वर्णन करतच नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की २६ जानेवारीपासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण शिरतो आहोत. लिहिणाऱ्यांनाच ठाऊक होतं की हे असं नाही. ‘संकल्पपूर्वक निर्धार’ पुरा झाला नाही म्हणून त्याला ‘मोडला’ म्हणता येईल, ‘अपुरा’ म्हणता येईल. ‘कालबाह्य’ म्हणता येत नाही.

‘प्रस्तुत’ हा शब्द खरं तर योग्य, ‘अप्रस्तुत’च्या उलट. पण ‘प्रस्तुतता’ मुलांच्या जिभेवर बसणार नाही. मी ‘लागू’ सुचवते. मराठीत दोन प्रयोग आहेत. कायदा ‘लागू होतो’, औषध ‘लागू पडतं’. संविधान २६ जानेवारी १९५०ला लागू झालं. उद्देशिका लागू पडते का, हा वेगळा प्रश्न. आणि औषध लागू पडलं नाही तर वैद्य आधी विचारतो, घेतलं होतं का?

तिरकस :
पथ्यही विचारतो. आणि कधीकधी निदानच चुकलेलं असतं, हे विसरू नका. पण विषय म्हणून हा चांगला आहे, मीही बोलायला उभा राहीन.

फळाखडू :
सर्वांचे आभार. फळ्यावर ‘उद्देशिका आज लागू पडते का?’ असं लिहिलं. सरांनी वाचून मान हलवली, म्हणजे पसंत असावं. प्रमाणपत्रं आधीच छापून आली आहेत, त्यांवर ‘प्रासंगिकता’च राहील.

आज सरावात एक मुलगा ‘स्वतः’ म्हणून थांबला आणि मग म्हणाला, ‘प्रत अर्पण करीत आहोत’. मी विचारलं, कसली प्रत? तर म्हणाला, "संविधानाची झेरॉक्स, बाई. मूळ दिल्लीत ठेवून घेतली ना." ‘प्रत’ हा जुना प्रत्ययासारखा शब्द आहे, ‘स्वतःला’ या अर्थाचा, हे सांगितलं. वर्ग हसला, पण तो मुलगा हसला नाही. म्हणाला, मग सरळ ‘स्वतःला’ लिहायला काय झालं होतं?

आणि एक. ही चर्चा वाचून व्हरांड्यातला उद्देशिकेचा फलक पहिल्यांदाच नीट वाचला. तिथे ‘प्रवर्धित’चं ‘प्रवर्तित’ झालेलं आहे. पेंटरला उद्या बोलावलंय.