अलीकडे वाचलेल्या चार कादंबऱ्या : मंडळात चर्चेला कोणती घ्यावी?

रामबागची वाचक (इंदूर) :

नमस्कार. आमच्या वाचन मंडळात दर महिन्याला एका मराठी कादंबरीवर चर्चा होते आणि पुढच्या बैठकीसाठी पुस्तक सुचवण्याचे काम या वेळी माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने ना. सं. इनामदारांची 'राऊ' (१९७२), भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३), सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) आणि विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) अशा चार कादंबऱ्या मी लागोपाठ वाचल्या. चारही नावाजलेल्या आहेत, चारही मी शेवटपर्यंत वाचल्या, आणि तरीही एकीबद्दलसुद्धा 'आवडली' किंवा 'नाही आवडली' असे एका शब्दात सांगणे मला जमत नाही.

थोरल्या बाजीरावांवरच्या 'राऊ'विषयी अपेक्षा सर्वांत मोठी होती. बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला वारले. खरगोन जिल्ह्यातले, नर्मदाकाठचे ते गाव आमच्यापासून फार लांब नाही आणि सनावदच्या बाजूने आम्ही तिथे समाधीच्या दर्शनाला गेलेलो आहोत. होळकर, शिंदे, पवार ही घराणी ज्याच्या कारकिर्दीत माळव्यात पाय रोवून उभी राहिली, तो सेनापती मला या पुस्तकात भेटायला हवा होता. भेटला तो मुख्यतः शनिवारवाड्यात कोंडी झालेला पती, पुत्र आणि भाऊ. ही कोंडी इनामदारांनी फार ताकदीने रंगवली आहे, राधाबाईंची करारी बाजू आणि काशीबाईंची घुसमट दोन्ही मनाला भिडतात. पण पालखेडला निजामाला कोंडीत पकडणारा माणूस माझ्या हाती फारसा लागला नाही. शिवाय सगळी पात्रे सदा दरबारात उभी असल्यासारखी बोलतात. अगदी एकांतातही त्यांची भाषा सैल होत नाही, त्यामुळे दोन माणसांमधली जवळीक मला ऐकू येईनाशी होते.

'कोसला'तील मनीच्या मृत्यूची पाने वाचल्यावर मी पुस्तक मिटून बाजूला ठेवले आणि त्या रात्री पुढे वाचू शकले नाही. देवीच्या साथीने गेलेल्या धाकट्या बहिणीचा शोक कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर शब्दांनी सांगतच नाही. त्याची वाक्येच मोडत जातात. मात्र वसतिगृह, मेसचा कारभार, प्राध्यापक, मित्र, पुढे गाव, या सर्वांवर त्याची एकच तुच्छतेची नजर फिरत राहते. दुसऱ्या कुणाला आपली बाजू मांडायला जागाच मिळत नाही, याचा मला अखेरीस शीण आला.

'बारोमास'मध्ये शिकूनही नोकरी न मिळालेला, शिक्षणसंस्थेला द्यायला पैसे नसलेला एकनाथ आणि मास्तराची बायको होण्याच्या आशेने या घरात आलेली त्याची बायको अलका यांची भांडणे मला विलक्षण खरी वाटली. त्यात कुणीही खलनायक नाही. दोघांचेही बरोबर आहे आणि घर मात्र मोडते आहे. पण शेतीमालाचा भाव, सरकारी धोरण, शहर आणि खेडे यांविषयी पात्रे जेव्हा सविस्तर बोलू लागतात, तेव्हा तो त्यांचा आवाज राहत नाही असे मला वाटले.

'रणांगण' सर्वांत लहान आणि सर्वांत कमी बोलणारी. तिचा नायक चक्रधर मला आवडला नाही. पूर्वीची प्रेयसी उमा हिच्याकडून झालेल्या दुखावण्याचा सूड तो साऱ्या स्त्रियांवर उगवू पाहतो. युरोपातून परतताना बोटीवरच्या थोड्या दिवसांत जर्मन ज्यू तरुणी हॅर्टाचे त्याच्यावर एवढे प्रेम जडावे, हेही मला सुरुवातीला पटले नाही. तरीही या चारांपैकी सगळ्यांत जास्त दिवस मनात राहिली ती हीच.

माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की, लेखक जिथे प्रसंगावर विसंबून गप्प राहतो तिथे मी गुंतते आणि जिथे तो माझ्या वतीने निष्कर्ष काढू लागतो तिथे मी बाहेर पडते. या मोजपट्टीने मी एखाद्या पुस्तकावर अन्याय करते आहे का, आणि मंडळासाठी यांतली कोणती घ्यावी? आमच्यातील निम्म्या सभासदांचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. त्यांना मराठी वाचण्याची हौस पुष्कळ आहे, पण वेग कमी आहे, हेही कृपया लक्षात घ्यावे.

स्नेहलतागंजचे आजोबा (इंदूर) :

ताई, आपण मनापासून लिहिले आहे म्हणून तितक्याच मोकळेपणाने उत्तर देतो. 'कोसला'बाबत आपली मोजपट्टी अपुरी पडते असे माझे मत आहे. तुच्छता पांडुरंगाची आहे आणि तो पंचविशीतला तरुण आहे. नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकही त्याच वयाचा होता. या वयाचा मुलगा ज्या बेपर्वाईने जगाकडे पाहतो, ती बेपर्वाई पानोपानी साठत गेल्याशिवाय मनीच्या मृत्यूशी ती कोसळून पडताना आपल्याला दिसली नसती. आपण ज्या पानांपाशी थांबलात त्यांची किंमत आधीच्या पानांनी मोजलेली आहे. दुसरे असे की, त्याआधीची कितीतरी वर्षे खांडेकर-फडके यांच्या अलंकृत गद्यावर पोसलेल्या आमच्या पिढीला हे बोलणे प्रथम ऐकताना केवढा धक्का बसला होता, ते आज सांगून कळणे कठीण आहे. आम्ही काही मित्र त्यावर रात्र रात्र वाद घालत असू.

'राऊ'संबंधी मात्र एक वेगळा विचार सुचवतो. इनामदारांनी नायक कोणते निवडले ते पाहा. 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव, 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर : ज्यांच्यावर इतिहासाने एकतर्फी शिक्का मारला अशी माणसे ते पुन्हा पुन्हा उचलतात. 'राऊ'मध्येही त्यांचे लक्ष मोहिमांपेक्षा मस्तानीवर झालेल्या अन्यायाकडे आहे, आणि त्या दृष्टीने वाचल्यास शनिवारवाडा केंद्रस्थानी येणे अपरिहार्यच होते. माळव्यातील घोडदौड हवी असेल तर इंदूरच्या वाचकाने 'झुंज' आधी वाचावी. संवादांविषयीची आपली तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे.

ग्वाल्हेरची शिक्षिका :

मी फक्त 'रणांगण'विषयी लिहिते, कारण ती मी अनेकदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी चक्रधराविषयीचा माझा राग वाढत गेला आहे. तो राग लेखकाला अपेक्षित असावा, असे मला वाटते. हॅर्टाच्या प्रेमाचा वेग आपल्याला पटला नाही. पण ती कुठून आणि कशी निघाली आहे त्याचा विचार करावा. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले होते आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची प्रार्थनास्थळे जाळली गेली होती. बहुतेक देशांनी दारे लावून घेतल्यामुळे, प्रवेशासाठी व्हिसा न मागणारे शांघाय हे त्यांच्यापुढे उरलेल्या मोजक्या बंदरांपैकी एक होते. जिला मागे घर नाही आणि पुढे ठिकाणा नाही, तिच्या दृष्टीने बोटीवरचे ते थोडे दिवस थोडे नसतात.

मुंबई आल्यावर चक्रधर शिडीवरून उतरतो आणि तिला उतरता येत नाही. दोघांमधला सारा फरक बेडेकरांनी तेवढ्या एका गोष्टीत आणून ठेवला आहे, आणि त्यावर भाष्य करण्याचे कटाक्षाने टाळले आहे. पुढे हॅर्टाची पत्रे येतात तेव्हा तिचा शेवट काय होणार हे आपल्याला जाणवू लागलेले असते, आणि ती मात्र अजून छोट्या छोट्या गोष्टी लिहीत असते. हे पुस्तक १९३९ मध्ये, म्हणजे ज्यूंचा पुढचा महासंहार अजून घडायचा असताना आले, हे मंडळात आवर्जून सांगावे. आम्ही आमच्या शाळेतील सहकाऱ्यांसोबत ही कादंबरी वाचली तेव्हा चर्चा लवकर संपेना, कारण अर्धे जण चक्रधराच्या बाजूने बोलत होते.

लोकमान्यनगरचा वाचक (इंदूर) :

मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, म्हणून अनुभवाने सांगतो : 'बारोमास'च्या वऱ्हाडीला घाबरू नये. माझी आई अकोल्याकडची आहे. आम्ही दोघांनी कादंबरीची पहिली प्रकरणे मोठ्याने वाचली आणि नंतर मला अडचण आली नाही. उलट 'राऊ'मधील भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठीपाशी मी अधिक वेळा थांबलो. भाषणवजा संवादांबद्दल माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. एकनाथाजवळ शिक्षण आहे आणि ते कुठे वापरावे याची जागा त्याला मिळत नाही. असा तरुण घरात, ओट्यावर, बाजारात बोलत राहतो. असे लोक माझ्या नात्यात आहेत आणि ते खरोखरच असे बोलतात. या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्या प्रश्नाच्या मोठेपणामुळे मिळाला असे काही जण म्हणतात. मला मात्र तो अलका आणि सासरच्या माणसांमधल्या त्या कोंडलेल्या दुपारींसाठी योग्य वाटतो.

कमी वेगाने वाचणाऱ्यांसाठी आणखी एक नाव सुचवतो : व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर, सुरुवातीला शाळेला न मिळणारी मुले, सर्वांनी मिळून बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडत जाणारी वस्ती एवढाच तिचा विषय आहे. लेखकाने गप्प राहावे, अशी आपली अपेक्षा तिथे पूर्ण होईल.

रामबागची वाचक (इंदूर) :

सर्वांचे आभार. 'कोसला'तील आधीच्या पानांचा मनीच्या प्रसंगाशी लावलेला संबंध मला पटला. पण तो प्रसंग होऊन गेल्यानंतरही पांडुरंगाची नजर पुन्हा बरीचशी पूर्वीसारखीच होते, आणि ते का, याचे समाधान अजून झालेले नाही. आजोबा, त्यावर आपण आणखी लिहिलेत तर मला हवे आहे. 'झुंज' मी मागवली आहे.

मंडळासाठी 'रणांगण' नक्की करते आहे. शांघाय आणि व्हिसा यांची माहिती चर्चेआधी न देता वाचून झाल्यावर द्यावी असे वाटते, म्हणजे हॅर्टाविषयी प्रथम जे मत होईल ते पुस्तकातूनच होईल. आमच्याकडे प्रती फारशा नाहीत. त्यामुळे पत्रांचा भाग बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचेल आणि बाकीचे ऐकतील. त्यापुढच्या महिन्यात 'बनगरवाडी' घेऊ.