कापडी पिशवीच्या बंदांचा जोड टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. घरच्या पायमशीनवर बाजारासाठी कापडी पिशव्या शिवायला घेतल्यात. मांजरपाट आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापते, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतो. तयार पिशवी १४ बाय १६ इंच, तळाला ४ इंच रुंदी. बंद जुन्या जीन्सचे, चार पदरी दुमडून.

अडचण बंदांपाशी आहे. पिशवीत पाच किलो ज्वारी आणि वर भाजी पडली की जिथं बंद जोडलाय तिथलं कापड विरतं. बंद शाबूत, शिलाईही शाबूत, पण टाक्यांच्या रेषेत मांजरपाट फाटतो. चौकोन शिवून आत फुली मारते. टाके फार बारीक पडल्यानं सुईची भोकं जवळजवळ येऊन असं होतं का? टाका किती लांब ठेवावा? आतून कापडाचा तुकडा लावावा, की बंद वरच्या पट्टीपाशी न थांबवता तळापर्यंत नेऊन शिवावेत? मला दुसरं पटतंय, कारण वजन तळावर येतं. पण कापड बरंच लागेल.

दुसरं म्हणजे, जीन्सच्या जाड घड्यांवर मशीन टाके सोडतं. सुई १६ नंबरची आहे. १८ ची लावली तर मांजरपाटाला मोठी भोकं पडतील का? दोरा साधा सुती वापरावा की पॉलिस्टरचा?

शेजारच्या मावशींनाही अशाच पिशव्या हव्यात, त्यांना कच्चं काम द्यायचं नाही. ज्यांच्या पिशव्या वर्षानुवर्षं टिकल्यात त्यांनी बंदाच्या जोडाचा आतल्या बाजूचा फोटो टाकला तर फार बरं होईल.